वीज जाते तेव्हा माशांचे काय?

सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात दुपारी आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि वळिवाच्या चार सरी पडायच्या आत वीज जाते, हा अनुभव कोणालाही नवा नाही. कोठे तार तुटते, कोठे बाभळीची फांदी तारेवर पडते, कोठे डीपी जळते. शहरातील यंत्रमाग थांबतो, पिठाची गिरणी बंद पडते, मळ्यातील मोटार मुकी होते. या सर्वांत नुकसान होते खरे. परंतु ते मागाहून भरून काढता येण्याजोगे असते. चादर दोन तास उशिरा विणून होते, दळण उद्यावर जाते, उसाची पाळी एक दिवस पुढे ढकलली जाते. ज्याने मासे पाळले आहेत त्याला मात्र ही सवलत नाही. विजेच्या पंपावर ज्यांचा श्वास चालतो असे मासे उद्याची वाट पाहू शकत नाहीत.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न शहरातील मोजक्या घरांपुरता होता. दिवाणखान्यातील काचेची पेटी, त्यात चारदोन सोनेरी मासे आणि बुडबुडे सोडणारा लहानसा पंप, एवढाच त्याचा पसारा. आता तसे राहिलेले नाही. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने शेततळ्यांना चालना मिळाली आणि त्यांपैकी अनेकांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढला. पुढे २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली आणि बायोफ्लॉकच्या टाक्या, फिरत्या पाण्यावरील मत्स्यपालन व शोभेच्या माशांची परसातील केंद्रे यांना अर्थसाहाय्य मिळू लागले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र टाकी, ताडपत्री, बीज व खाद्य यांचा हिशेब जितक्या बारकाईने मांडला जातो, तितक्या बारकाईने वीज गेल्यावर काय करावयाचे याचा विचार क्वचितच होतो. प्रकल्प-अहवालात ‘जनरेटर’ हा शब्द बहुधा असतो. जागेवर जनरेटर असतोच असे नाही, आणि असला तरी त्यात डिझेल असतेच असे नाही.

या विषयाचे मूळ समजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू यांचा संबंध ध्यानात घेतला पाहिजे. आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात मात्र तो अत्यल्प विरघळतो. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियस असता सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांस साडेसात आणि ३५ अंशांस सातच्या आसपास. म्हणजे पाणी जसजसे तापते तसतसा त्यातील प्राणवायूचा साठा घटतो. आणि नेमक्या त्याच वेळी, अंग तापल्यामुळे, माशाची प्राणवायूची गरज वाढते. सोलापूरचा उन्हाळा पारा चाळिशीपार नेणारा. मिळकत कमी आणि खर्च जास्त अशी ही अवस्था असते व त्यातच वीज जाते.

पंपाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. बुडबुडे पाण्यात प्राणवायू ‘भरतात’ असे अनेकांना वाटते. उथळ पात्रात बुडबुड्यांचे मोठे काम वेगळेच असते. ते तळाचे पाणी वर आणतात, पृष्ठभाग ढवळतात आणि हवेशी नव्या नव्या पाण्याची गाठ घालून देतात. प्राणवायू मुख्यत्वे शिरतो तो पृष्ठभागातून. उजनीच्या जलाशयात कोणी पंप लावलेला नाही. तेथे वारा आणि लाटा हेच काम करतात. वीज नसताना ज्याला पृष्ठभाग हलता ठेवता येईल त्याचे मासे तगतील, एवढी एक गोष्ट ज्याच्या मनात पक्की बसली त्याला पुढील उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

धोका किती लवकर येतो हे मात्र ज्याच्या त्याच्या पाण्यावर अवलंबून आहे. हिशेब सोपा आहे. उष्ण पाण्यात एक किलो मासा तासाला ढोबळमानाने ३०० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा घरच्या पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. त्यात सर्व मिळून शंभर ग्रॅम वजनाचे मासे असतील तर लिटरमागे तासाला ०.६ मिलिग्रॅम एवढाच उपसा होतो. सुरुवातीस सहा मिलिग्रॅम असलेला साठा दोनवर येण्यास सहा-सात तास लागतात. शिवाय पृष्ठभागातून थोडी भर पडतच असते. आता चार मीटर व्यासाची व एक मीटर पाण्याची बायोफ्लॉकची टाकी घ्या. तीत साडेबारा हजार लिटर पाणी असते आणि दर हजार लिटरमागे वीस किलो मासे वाढवावयाचे असे ठरवले जाते. येथे केवळ माशांचाच उपसा लिटरमागे तासाला सहा मिलिग्रॅम होतो. पाण्यात वाढवलेले जिवाणू जवळजवळ तेवढाच प्राणवायू आणखी ओढतात. म्हणजे घरच्या पेटीला जेथे सहा तासांची मुदत मिळते, तेथे या टाकीला वीस मिनिटांची मिळते. वायरमनला फोन लागेपर्यंतच वीस मिनिटे जातात!

प्रथम घरच्या पेटीविषयी, कारण ती अनेक घरांत आहे आणि गावच्या शाळेतही आता दिसू लागली आहे. वीज गेल्याबरोबर पेटीचे झाकण काढावे आणि माशांना खाणे मुळीच घालू नये. घरातील मुलांना नेमकी याच वेळी माशांची दया येते. त्यांना समजावून सांगावे की निरोगी मासा दोन दिवस उपाशी राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही, परंतु न खाल्लेले खाद्य कुजू लागले की ते प्राणवायूवर तुटून पडते. नंतर स्वच्छ तांब्याने किंवा मगाने पेटीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतावे. दर पाव तासाने चारपाच मिनिटे हे केले तरी पुष्कळ काम होते. तांब्या पितळेचा किंवा तांब्याचा नसावा, प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा असावा. तांबे हे माशांना विषारी आहे. सायकलच्या पंपाला नळी व एअर स्टोन जोडूनही वेळ मारून नेता येते. ज्यांच्या घरी बॅटरीवर चालणारा छोटा पंप आहे त्यांना एवढेही कष्ट नाहीत. घरात दिव्या-पंख्यासाठी इन्व्हर्टर असेल तर पेटीचा पंप त्यावर जोडून घ्यावा. हा पंप जेमतेम पाच वॅटचा असतो; पंख्याच्या मानाने त्याचा भार नगण्य.

पंप पेटीच्या खाली ठेवण्याची रीत सर्वत्र दिसते, कारण तो तेथे नजरेआड राहतो. वीज गेली की नळीतून पाणी उलटे उतरते, पंपात शिरते व जमिनीवर सांडते. वीज आल्यावर तो पंप जळतो किंवा विजेचा धक्का देतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, किंवा नळीत उलटा प्रवाह अडवणारी झडप बसवावी. ती झडप अगदी स्वल्प किमतीस मिळते.

उन्हाळ्यात पंखा बंद पडल्याने पाणी तापू लागते. अशा वेळी पेटीच्या बाजूंवर ओले फडके लावावे. बर्फ घालावयाचाच झाला तर तो बंद बाटलीत भरून ती बाटली पाण्यात तरंगत ठेवावी, आणि तीही थोड्या वेळाने काढावी. एकाएकी गार झालेले पाणी तापलेल्या पाण्याइतकेच घातक असते. हिवाळ्यातील पहाटे याच्या उलट. उष्ण प्रदेशातील मासे असतील तर पेटीला चारही बाजूंनी चादर गुंडाळावी, वरची बाजू मात्र मोकळी ठेवावी. सोलापुरात या कामासाठी चादर शोधावी लागणार नाही.

पाणी बदलण्याचा मोह आवरला पाहिजे. बदललेच तर एकचतुर्थांशापेक्षा अधिक नको, आणि नळाचे ताजे पाणी तर नकोच, कारण त्यात क्लोरीन असते. येथे सोलापूरकरांची एक जुनी अडचण उपयोगी पडते. काही दिवसांआड येणारे पाणी पिंपात साठवून ठेवण्याची येथील घरांना सवय आहे, आणि उघड्या पिंपात दिवसभर राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन बरेचसे उडून गेलेले असते. गाळणीचा डबा बंद पेटीच्या बाहेर असेल तर आणखी एक सावधगिरी घ्यावी. त्यातील उपकारक जिवाणू काही तासांत गुदमरतात आणि डब्यातील पाणी कुजते. वीज परत आली की ते पाणी थेट पेटीत जाते आणि रात्रभर तगलेले मासे सकाळी मरतात. वीज बराच वेळ गेली असेल तर तो डबा आधी रिकामा करून, पेटीतल्याच पाण्याने विसळून मगच चालू करावा.

सर्वच मासे सारखे नाजूक नसतात. गुरामी व फायटर हे शोभेचे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. आपल्या नदीतील मरळ आणि मागूर यांनाही हे साधते. ज्या घरात वीज वारंवार जाते तेथे असेच मासे पाळणे शहाणपणाचे. मात्र मागूर म्हणून आफ्रिकी मागूर कोणी घरी किंवा तळ्यात आणू नये. त्याच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे.

शेततळ्याचा प्रकार वेगळा आहे. तीस मीटर चौरस व तीन मीटर खोल अशा तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे दोन हजार घनमीटर पाणी मावते. त्यात एक टन मासे असले तरी घनमीटरमागे अर्धा किलोच होतात. येथे माशांपेक्षा पाण्यातील शेवाळच अधिक प्राणवायू घेते. दिवसा ऊन असताना हेच हिरवे पाणी प्राणवायू देते, रात्री तो परत मागते. म्हणून तळ्यातील साठा पहाटे सर्वांत कमी असतो. भरलेल्या तळ्यात विरळ मासे सोडले असतील तर वीज असो वा नसो, फारसे बिघडत नाही. परंतु सांगोला-पंढरपूरकडील डाळिंबाच्या पट्ट्यात तळे खोदले जाते ते मुळात बागेसाठी. मार्चपासून ठिबकला पाणी जाऊ लागते आणि मे महिन्यात तळे तृतीयांशावर येते. मासे मात्र तेवढेच. उलट वजनाने वाढलेले. दोन हजार घनमीटरचा हिशेब करून सोडलेले मासे सहाशे घनमीटरांत कोंडले जातात, आणि तेही वर्षातील सर्वांत उष्ण पंधरवड्यात. मार्चमध्येच मोठे मासे काढून विकावेत हा सल्ला अनेकांना गैरसोयीचा वाटतो, कारण आणखी दोन महिन्यांत वजन वाढेल अशी आशा असते. या आशेपायी सगळे पीक पणाला लावणे बरोबर नाही.

त्यातच वळीव येतो. गार पाऊस तापलेल्या पाण्यावर पडला की वरचा थर जड होऊन खाली जातो, आणि तळाशी साचलेले, प्राणवायू संपलेले पाणी वर येते. आभाळ असल्याने शेवाळाचेही काम थांबलेले असते. ज्या वादळाने हे पाणी उलटवले त्याच वादळाने विजेचे खांबही पाडलेले असतात. म्हणून वळिवानंतरची पहिली रात्र ही तळ्यावर जागून काढण्याची रात्र समजावी. कटला वर येऊन तोंड उघडझाप करू लागला, गोगलगायी काठावर चढल्या, की ओळखावे. अशा वेळी डिझेल इंजिनाने तळ्याच्या वरच्या थरातील पाणी उचलून, छिद्रे पाडलेल्या पाइपातून उंचावरून परत तळ्यात पाडावे. फुटबॉल तळाशी टाकून गाळ ढवळू नये. विहिरीचे पाणी सोडावयाचे असेल तर तेही उंचावरून पाडावे, कारण भूगर्भातील पाणी नितळ दिसले तरी त्यात प्राणवायू बहुधा कमीच असतो. पोटॅशियम परमँगनेट टाकल्याने प्राणवायू वाढतो हा समज सोडून द्यावा. प्राणवायू सोडणाऱ्या गोळ्या वा भुकटी बाजारात मिळते. तिचा उपयोग घटका-दोन घटका वेळ काढण्यापुरता होतो, रात्र काढण्यासाठी नव्हे.

बायोफ्लॉकच्या टाकीस यांतले काहीच पुरेसे नाही. वीस मिनिटांत इंजिन आणून जोडणे होत नाही. येथे दुसरी सोय आधीच जोडलेली असली पाहिजे. घरगुती इन्व्हर्टरवर विसंबणे चुकीचे आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात. त्यांतील दोनतृतीयांश वापरता आले तर एक अश्वशक्तीचा ब्लोअर दीड तास चालतो, आणि सुरू होताना तो जो झटका देतो त्याने लहान इन्व्हर्टर बंदही पडतो. तेवढ्या दीड तासात जनरेटर सुरू करता येतो, हाच बॅटरीचा खरा उपयोग. जनरेटर नसेल तर वेल्डिंगच्या दुकानात असतो तो सात घनमीटरचा ऑक्सिजन सिलिंडर हा एक साधा मार्ग आहे. त्यात सुमारे नऊ किलो प्राणवायू असतो. वर सांगितलेल्या टाकीची गरज तासाला सुमारे दीडशे ग्रॅम. बारीक बुडबुड्यांच्या दगडातून सोडल्यास, वाया जाणारा मोठा भाग वगळूनही, एक टाकी पाचसहा तास निभावते, आणि त्याला विजेची गरज लागत नाही. सिलिंडरजवळ विडी-काडी किंवा तेल-ग्रीसचा हात मात्र जाता कामा नये. वीज नसताना टाकीत खाद्य नको, आणि जिवाणूंसाठी घालतात तो गूळ किंवा मळी तर नकोच नको.

याहून स्वस्त आणि याहून दुर्लक्षित अशी वस्तू म्हणजे वीज जाताच वाजणारी, बॅटरीवरील घंटा. गावातला कोणताही वायरमन ती रिले वापरून करून देतो. टाक्या मरतात त्या अनेकदा साधन नसल्यामुळे नव्हे, तर साधन असूनही रात्री तीन वाजता कोणाला जाग न आल्यामुळे.

आता प्रश्न विजेच्या वाटपाचा. २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला आणि मत्स्यपालकांना कृषिदराने वीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हा निर्णय योग्यच आहे. परंतु स्वस्त दर आणि अखंड पुरवठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. कृषी फीडरवर वीज ठरावीक तासच मिळते. गावठाण फीडर त्यापासून वेगळा असतो. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली, तीही शेतकऱ्याची फार दिवसांची मागणी होती. रात्री-अपरात्री सापाविंचवाच्या भयाने पाणी धरणाऱ्यास तिचे मोल विचारावे. पिकाला दिवसाची वीज हवी. माशाला ती हवी मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत. जी व्यवस्था उसाला आणि डाळिंबाला सोयीची तीच माशाला जाचक ठरते, आणि यात कोणाचा दोष नाही. परंतु ज्या मळ्यात केवळ कृषी फीडरची वीज आहे तेथे बायोफ्लॉकची शिफारस करताना ही गोष्ट झाकून ठेवणे हा मात्र दोषच होय. अशा ठिकाणी विरळ माशांचे शेततळेच सुचवावे. उत्पन्न कमी दिसेल, पण ते हाती लागेल. यंत्रे विकणारा ‘गुंठाभर जागेत लाखो रुपये’ म्हणतो तेव्हा त्याने वीज चोवीस तास गृहीत धरलेली असते.

लहान शेतकऱ्याला जनरेटर परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. ज्याला तो परवडत नाही त्याने टाकीतील मासे निम्मे करावेत म्हणजे मुदत वाढते. किंवा शेजारच्या चौघांनी मिळून एक जनरेटर घ्यावा. तिसरा मार्ग नाही, आणि अनुदान मिळते म्हणून तो निर्माण होत नाही. अनुदानाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी अधिकाऱ्याने टाकीची पाहणी दुपारी बाराला न करता पहाटे पाचला करावी, आणि मुख्य स्विच स्वतः बंद करून दुसरी सोय किती मिनिटांत चालू होते ते पाहावे, अशी अट घालण्यास कोणतीही अडचण दिसत नाही. ग्रामकार्यकर्त्यांनीही भेटीची वेळ बदलावी. दुपारी सर्वच तळी निरोगी दिसतात.

मत्स्यपालकाने स्वतः ही चाचणी बीज सोडल्यानंतर महिन्याभरात एकदा आणि पुढे मासे वाढतील तशी दर महिन्यास घ्यावी. दिवसाची वेळ निवडावी, दोन माणसे हाताशी ठेवावीत, ब्लोअर बंद करून घड्याळ लावावे आणि पहिला मासा वर येऊन तोंड उघडताच तो पुन्हा चालू करावा. मिळालेली मिनिटे टाकीच्या भिंतीवर रंगाने लिहावीत, त्याखाली जनरेटर सुरू करण्यास लागलेली मिनिटे लिहावीत, आणि पुढच्या महिन्यात पहिला आकडा किती उतरला ते पाहावे.